छाटणीआधी ट्रॅक्टरचा पंखा बघा, डाऊनीचं औषध नंतर

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली. निफाड-दिंडोरी असो की तासगाव-पलूस, सगळे औषधांच्या याद्या करण्यात गुंतलेत. ब्लोअर (फवारणी यंत्र) ओढणाऱ्या मिनी ट्रॅक्टरचं बॉनेट मात्र उन्हाळ्यापासून कुणी उघडलेलं नाही. दरवर्षी तेच बघतोय. रात्री पाऊस, पहाटे दव, बाग फुलोऱ्याच्या आधी, फवारणीला जेमतेम सकाळ हातात, आणि चौथ्या ओळीत ट्रॅक्टर उकळतो. मिस्त्री येईपर्यंत संध्याकाळ होते. डाऊनी (केवडा, बुरशीचा रोग) एकदा घडात शिरली की कितीही महाग औषध मारा, ते घड परत येत नाहीत.

ब्लोअर चालताना इंजिन जोरात पळतं आणि ट्रॅक्टर चालतो सावकाश. समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. रस्त्याने नीट चालणारा ट्रॅक्टर बागेतच तापत असेल, तर आधी पंखा आणि रेडिएटरची जाळी बघा. हा माझा ठोकताळा आहे, पण क्वचितच चुकतो.

चावी काढा, इंजिन गार होऊ द्या. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १२ मिमी दबला तर ठीक, नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बघा. चिरा किंवा चकाकी आली असेल तर पट्टा बदला आणि एक जादा घरात ठेवा. पंख्याची पात धरून पुढे-मागे हलवा. डुगडुगली तर बेअरिंग गेलं. पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावर असेल आणि खाली ओल दिसत असेल, तर पंपच उतरवावा लागेल.

मग जाळी. फवाऱ्याचे तुषार, गंधकाची भुकटी आणि पाचोळा यांचा थर तिथे सिमेंटसारखा बसतो. हवा ज्या बाजूने आत येते त्याच्या उलट बाजूने साध्या पाण्याने धुवा. वॉशिंगचा जोराचा फवारा जवळून मारलात तर जाळीच्या पातळ पत्र्या वाकतात.

पंखा विजेवर चालणारा असेल तर क्रम असा: फ्यूज, रिले, वायरचा जोड, सेन्सर. पंख्याला थेट १२ व्होल्टची बॅटरी जोडून बघा. फिरला तर मोटर चांगली आहे. तरी दुकानदार पंख्याची पूर्ण जोडणी, नाहीतर नवा रेडिएटरच गळ्यात मारतो. गळती थांबवणारी बाटलीही घेऊ नका, ती बारीक नळ्या बुजवते. बोअरचं पाणी बंद. पुस्तिकेत सांगितलेला कूलंट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा.

बाकीची कामं नेहमीचीच:
- काडी तपासून छाटणी
- छाटलेल्या काड्या बागेबाहेर
- पेस्टिंग (डोळे फुटण्यासाठी काडीवर औषध लावणे)
- फेलफुटी (घड नसलेल्या जादा फुटी) काढणे
- ब्लोअरचे नोझल तपासणे

पावसाचा अंदाज असेल तर डाऊनीसाठी आधीच मॅन्कोझेब ७५ डब्ल्यूपी २ ग्रॅम प्रति लिटर. पुढचं आंतरप्रवाही (झाडात भिनणारं) औषध आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस) मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीतून घ्या, दुकानाच्या काउंटरवरून नाही.

बागेत तापमानाचा काटा लाल भागात गेलाच तर ब्लोअर बंद करा. पंखा फिरत असेल तर इंजिन दोन-तीन मिनिटं सावकाश चालू ठेवा. पट्टा तुटला असेल तर इंजिन तिथेच बंद करा. रेडिएटरचं गरम झाकण उघडू नका, वाफेने हात-तोंड भाजतं. तापल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, हेड तडकतं.