वांग, स्कूटी आणि दोन बोटं सनस्क्रीन

येळ्ळूरहून टिळकवाडीला रोज स्कूटीवरून जाते. स्कार्फ, सनकोट, सगळं असतं, तरी गालांवरचा वांग, म्हणजे काळसर डाग, वर्षभर गडदच होत गेला. एसपीएफ ५० चं सनस्क्रीन तर लावत होते! चूक कळली ती ट्यूबकडे बघून: एक ट्यूब मला सात महिने पुरली होती. मटाराएवढा थेंब तोंडभर फासायचा, मग काय होणार?

आता तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. एकदम थापलं की सरकतं, म्हणून दोनदा लावते. कान विसरत नाही.

दुसरी गोष्ट, एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या त्वचा भाजणाऱ्या किरणांचा. ३० नीट लावलं तर साधारण ९७ टक्के अडतात, ५० ने ९८, फरक किरकोळच. यूव्हीए, म्हणजे उन्हातले त्वचेत खोल जाणारे किरण, त्यांच्यासाठी ट्यूबवर 'पीए'पुढची अधिकची (+) चिन्हं बघायची.

झिंक ऑक्साइडचं आणलं तेव्हा आई म्हणाली, "काय गं, गिरणीतनं आलीस काय?" खरंच पीठ उडाल्यासारखी दिसत होते. शेवटी रंग असलेलं घेतलं. त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि वांगाला तोही त्रास देतो.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत घाम टिपून पुन्हा लावते. पावसाळ्यात, ढग असले तरी. चार महिन्यांत डावा गाल बराच उजळलाय, उजवा अजून हट्टी आहे.