वंशावळ शोधताना: माहेरच्या नावापासून फेरफाराच्या नोंदीपर्यंत

अनेक घरांत जुन्या ट्रंकेत एक वंशवेल गुंडाळून ठेवलेली असते. मूळपुरुषापासून सात-आठ पिढ्यांची नावे तीत सुबक अक्षरांत लिहिलेली असतात, मात्र ती सारी पुरुषांची. कोणाची आई कोठली आणि कोणाची बहीण कोणत्या गावी दिली, याचा तीत पत्ता नसतो. ही वंशवेल पूर्ण करण्याचे बरेचसे काम आता घरबसल्या होऊ शकते. ते कोणत्या संकेतस्थळांवर आणि कोणत्या क्रमाने करावे, हे येथे सांगत आहे.

संकेतस्थळ उघडण्याआधी वही घेऊन घरातील वडीलधाऱ्यांजवळ, विशेषतः आजी आणि आत्यांजवळ, बसावे. प्रत्येक स्त्रीची दोन्ही नावे विचारावीत. लग्नात नाव बदलण्याच्या पद्धतीमुळे माहेरची गंगू सासरी लक्ष्मी झालेली असते, आणि हे घरातल्या माणसाने सांगितल्याशिवाय दोन कागदांवरची ती दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत हे कळण्याचा मार्ग उरत नाही. मूळ गाव, तालुका, कुलदैवत आणि आडनाव बदलले असल्यास पूर्वीचे आडनाव हेही टिपून घ्यावे. जन्मपत्रिकेवर केवळ शके दिलेले असल्यास इसवी सन काढण्यासाठी त्यात 78 मिळवावेत. परंतु तिथी जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या काळातली असेल तर 79 मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, शके 1838 मधील पौष वद्यातील जन्म हा 1916 चा नव्हे, तर जानेवारी 1917 चा असतो.

यानंतर महसुली कागदांकडे वळावे, कारण शेतजमीन असलेल्या घराण्यासाठी याहून भरवशाचे साधन मला तरी दुसरे दिसत नाही. महाभूमीच्या 'महाभूलेख' संकेतस्थळावर गाव निवडून सध्याचा सातबारा पाहता येतो आणि त्यावर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, यांचे क्रमांक दिलेले असतात. ते क्रमांक लिहून घेऊन 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव आणि अभिलेखाचा प्रकार निवडावा, म्हणजे स्कॅन केलेले जुने फेरफार शोधता येतात. त्यांपैकी वारस फेरफार सर्वांत आधी वाचावेत. खातेदार मयत झाल्यावर त्याच्या वारसांची नोंद तेथे होते, आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना वारसाहक्क दिल्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावे बऱ्याचदा सासरच्या आडनावासह मिळतात.

आमच्या घरच्या वंशवेलीत पणजोबांपुढे तीन मुलगे होते, एवढेच होते. पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या फेरफारात तीन मुलग्यांखाली विधवा पत्नी, तिच्याखाली दोन विवाहित मुली आणि पुढच्याच फेरफारात त्या दोघींनी भावांच्या नावे करून दिलेल्या हक्कसोडपत्राची नोंद सापडली. ज्या कागदाने त्यांचा जमिनीतला हिस्सा गेला, त्याच कागदाने त्यांची नावे जपून ठेवली. त्या पानाची छापील प्रत मी वंशवेलीसोबतच ठेवली आहे.

हवे ते गाव संकेतस्थळावर नसल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करावा. तेथेच जन्म-मृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुकही विचारावे. जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात; त्या वाचण्यासाठी जाणकाराची मदत घ्यावी, किंवा राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी प्रशिक्षण वर्गाची चौकशी करावी.

आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत छापला गेला असल्यास तो 'इंटरनेट आर्काइव्ह' या जुन्या पुस्तकांच्या विनामूल्य ऑनलाइन संग्रहात असण्याचा संभव आहे. आडनाव आणि 'कुलवृत्तांत' हे शब्द देवनागरीत व रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे टाकून पाहावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ मात्र पूर्वज सरकारी नोकरीत किंवा संस्थानी कारभारात असतील तरच धुंडाळावे.

'फॅमिलीसर्च' या वंशावळ-संशोधनाच्या संकेतस्थळावर खाते विनामूल्य उघडता येते. हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतील पंड्यांच्या वह्यांच्या प्रतिमा तेथे आहेत, पण त्यांत एक-एक पान उलटूनच पुढे जावे लागते. त्यामुळे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या आपल्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असल्यास प्रत्यक्ष जाऊन ती पाहणेच अधिक फलदायी ठरते, असे माझे मत आहे. घरातील कोणी महायुद्धात कामी आले असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर शोध घ्यावा. अनेक नोंदींत सैनिकाच्या वडिलांचे नाव आणि गाव दिलेले आढळते. इंग्रजी स्पेलिंग मात्र त्या काळचे असते. 'मराठा' पलटणीच्या नावातच एक जादा 'एच' सापडतो, तेव्हा गावाचे आणि आडनावाचे चार-पाच पर्याय तयार ठेवावेत.

जमलेली माहिती मांडण्यासाठी 'ग्रॅम्प्स' हे विनामूल्य सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर चालते आणि माहिती आपल्याच ताब्यात राहते. 'जेनी', 'विकीट्री' किंवा फॅमिलीसर्चवर वंशवृक्ष चढवल्यास परदेशातील नातलगही त्यात भर घालू शकतात. मात्र हे वृक्ष सामाईक असल्याने अनोळखी व्यक्तीही दिवंगतांच्या नोंदी बदलू शकते. म्हणून आधी 'जेडकॉम' (GEDCOM) या वंशवृक्षांसाठीच्या प्रमाण फाइल-स्वरूपात एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि प्रत्येक नावाखाली ते कोठून मिळाले हे लिहावे: फेरफार क्रमांक, वर्ष, किंवा 'धाकट्या आत्याने सांगितले'. हयात व्यक्तींची जन्मतारीख आणि आईचे माहेरचे आडनाव जाहीर करू नये, कारण सुरक्षा-प्रश्न म्हणून हीच माहिती विचारली जाते. नोंद अवश्य ठेवावी, पण ती आपल्या संगणकावर.

वृक्षाची पहिली छापील प्रत ठळक अक्षरांत काढून, नावांखाली मोकळी जागा सोडून, ज्या आजी-आत्यांपासून सुरुवात केली त्यांनाच पाठवावी. पेनने केलेल्या दुरुस्त्यांसह ती परत आली की दुसरी आवृत्ती तयार करावी.