डब्यातल्या राणीछाप रुपयांची किंमत कशी काढायची?

लक्ष्मीपूजनाला बाहेर काढायचे, हळदकुंकू वाहायचं आणि पुन्हा कपाटात ठेवायचे, असे इंग्रजी अमलातले, राणी-राजाचा छाप असलेले चांदीचे रुपये बऱ्याच घरांत असतात. वाटणीची वेळ आली की एक जण म्हणतो, "सराफाकडे वजनावर घालू." दुसरा मोबाइलवर दहा लाखांची जाहिरात दाखवतो. दोघांनाही थांबवा आणि डबा उघडा.

सगळ्यात आधी एकच पथ्य: घासू नका. चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, काहीच नको. माझ्या मावशीने दिवाळीत बावीस रुपये लख्ख करून ठेवले होते. संग्राहकाने भिंग लावलं, ओरखडे पाहिले आणि सगळे चांदीच्या भावात मोजले. काळपटपणा हा नाण्याचा दोष नसतो. कुंकू फारच चिकटलं असेल तर साध्या पाण्यात बुडवा आणि न चोळता टिपून घ्या.

आता वाघाचं चित्र असलेले १९४७ चे रुपये बाजूला काढा. त्यांना चुंबक लावून बघा, चिकटतील. ते निकेलचे आहेत, चांदी नाहीच. घरोघरी ते चांदीचे म्हणून जपलेले असतात, हे सांगताना जरा जपून सांगा.

उरलेल्यांचे सालाप्रमाणे दोन ढीग करा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४० ते १९४५ च्या रुपयात फक्त ५० टक्के. गंमत म्हणजे वजन दोन्हींचं सारखंच, ११.६६ ग्रॅम. हा जुना पक्का तोळा. (सराफात आज तोळा म्हणजे दहा ग्रॅम, हिशेब करताना घोळ घालू नका.) पहिल्या ढिगातल्या रुपयात साधारण १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी, दुसऱ्यात ५.८३. त्या दिवसाच्या भावाने गुणा. हा झाला तळाचा आकडा. याच्या खाली कुणी मागितलं तर डबा बंद करायचा. सराफ गाळणीची थोडी घट धरेल, ते मान्य. पण पहिल्या ढिगाला दुसऱ्याचा भाव लावला तर नाही.

खरा-खोटा ओळखायला पूर्वी फरशीवर आपटून खणखणाट ऐकत. आपटू नका, कड चेपते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण अर्धा ग्रॅम तूट असेल तर शंका घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात लोंबकळता सोडा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. जुना अस्सल रुपया १.१३ च्या आसपास आकडा दाखवतो, १९४० नंतरचा १.२२ च्या. ओतीव नकली नाण्याच्या कडेला सांध्याची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. दागिन्यासाठी कडी डागलेला रुपया अस्सल असला तरी संग्राहक त्याला हात लावत नाही.

चांदीच्या वर किती, हे ठरतं दुर्मीळपणा आणि झीज यांवर. नाणं जुनं म्हणजे महाग, हा मोठा गैरसमज आहे. १८४० चे राणीछाप रुपये आजही भरपूर मिळतात. उलट १९३९ चा रुपया दुर्मीळ. बहुतेक नाणी वितळवली गेली, म्हणून १९३८ च्या नाण्यावर ८ कोरून ९ केलेले नमुने फिरतात. तो आकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय आनंद करू नका. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाला. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. तो 'पिग रुपी' म्हणून विकला जातो. १८६२ चे रुपये तर कोडंच आहेत. तेच साल ठेवून ते १८७४ पर्यंत पाडत राहिले आणि मुंबई टांकसाळीने तारखेजवळ ठिपके टाकले. ठिपके मोजा, त्यांचे काही नमुने विरळ आहेत. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला कमळाखाली बारीक ठिपका असेल तर मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा.

झीज पाहताना उंच भाग बघा: राणीचे कानावरचे केस, जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती, मुकुटाचे मोती. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुट नाही, त्याचे केस फार लवकर सपाट होतात. ते शाबूत असतील तर नाणं चांगलंच.

भाव बघताना जाहिरातीतले मागितलेले भाव सोडा, लिलावात प्रत्यक्ष बोली किती लागली ते पाहा. 'आधी नोंदणी शुल्क भरा' म्हणणाऱ्याचा फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच बजावलं आहे की, तिच्या नावाने जुन्या नाण्यांच्या व्यवहारात पैसे मागणारे भामटे आहेत. नाणी ओळखायची नजर हवी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीचं नाणेसंग्रहालय किंवा मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय बघून या.

आणि भाचा अमेरिकेतून "मला दोन पाठवा" म्हणाला तर साल बघा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्याला फोटो पाठवा.