रेट्रो हँडहेल्ड गेम घेताय? पैसे टाकायच्या आधी या चुका टाळा

सध्या कुठलंही शॉपिंग ॲप उघडा, थोडं स्क्रोल केलं की तो निन्टेंडोच्या जुन्या गेमबॉयसारखा दिसणारा, हातात धरून खेळायचा छोटा डबा समोर येतोच आणि त्याच्यावर ठळक अक्षरात ४०० गेम्स, १०,००० गेम्स, १५,००० गेम्स असलं काहीतरी लिहिलेलं असतं. लोक त्या आकड्यावरच निर्णय घेतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

पाचशे रुपयांच्या आगेमागे जो सप नावाचा डबा मिळतो त्याचंच घ्या. ४०० गेम्स आहेत हे अगदीच खोटं नाही, मेन्यूत तेवढी नावं असतात, पण त्यातली बरीच म्हणजे तोच गेम नाव बदलून, किंवा मधल्याच लेव्हलपासून सुरू करून, किंवा मारिओच्या जागी भलताच कोणी घुसवून परत परत भरलेला. नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी मीडियाचा टीव्ही गेम होता त्यांना यात नवीन काहीच नाही, ती ९९९९९९९ इन १ लिहिलेली पिवळी कॅसेट आठवते ना, आत मोजून चार-पाच गेम असायचे आणि उरलेली नुसती यादी. तेव्हाचे ते सगळे डबे निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होते, आजचा सपसुद्धा त्याच खानदानातला आहे, फक्त टीव्हीच्या जागी छोटी स्क्रीन आली.

आता सप वाईट आहे असं मी म्हणत नाही. ट्रेनमध्ये पोराला तासभर गुंतवायला, किंवा मामाला परत एकदा कॉन्ट्रा खेळायचाय म्हणून द्यायला पाचशे रुपयांत झकास आहे. पण त्यात मेमरी कार्ड घालायला जागा नाही, नवीन गेम टाकता येत नाही आणि गेम सेव्ह होत नाही. बटण बंद केलं की परत पहिल्या लेव्हलपासून. हे माहीत नसताना लोक घेतात आणि मग रिव्ह्यूमध्ये एक स्टार देऊन विचारतात की पोकेमॉन कसा टाकायचा. नाही टाकता येत राव.

मग बघायचं काय? आधी हे ठरवा की तुम्हाला नेमके कोणते गेम खेळायचेत. पंधरा हजार नाही, दहा नावं कागदावर लिहा. मारिओ, कॉन्ट्रा, टँक एवढंच असेल तर जास्त पैसे घालवायची गरजच नाही. गल्लीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमधला मुस्तफा (तो डायनोसॉरवाला गेम) हवा असेल, प्लेस्टेशन वनचे टेकनसारखे गेम हवे असतील, गेमबॉय ॲडव्हान्सवरचे पोकेमॉन हवे असतील, तर आर३६एस किंवा मियू मिनी प्लस किंवा अँबर्निकचे आरजी३५एक्सएक्सवाले मॉडेल्स असल्या कार्डवर चालणाऱ्या हँडहेल्डकडे या. आणि यादीत सोनीचा हँडहेल्ड पीएसपी, निन्टेंडो ६४, ड्रीमकास्ट असल्या जास्त ताकदीच्या मशीनचे गेम आले की थांबा, कारण आर३६एसमधली आरके३३२६ चिप प्लेस्टेशन वनपर्यंत मस्त पळते आणि त्याच्या पुढे दमते. विक्रेत्याच्या व्हिडिओत पीएसपीचा गेम पळताना दिसतो तो हलकाफुलका निवडक गेम असतो, तुमचा आवडता भारी ग्राफिक्सवाला तिथे अडखळणार आणि आवाज तुटक तुटक येणार. मग लोक म्हणतात पीस खराब आला. पीस ठीक आहे, अपेक्षा त्या चिपच्या बाहेरची आहे. पीएसपी नीट खेळायचंच असेल तर रेट्रॉइड पॉकेटसारखे अँड्रॉइडवाले बघा, ते महाग आहेत पण निदान रडवत नाहीत.

याच्याशीच जोडलेली दुसरी फसवणूक म्हणजे दिसण्यावर जाणं. हुबेहूब पीएसपीसारखी दिसणारी, एक्स७ वगैरे नावानं विकली जाणारी मोठ्या स्क्रीनची वस्तू असते, तिच्यात पीएसपीचा एकही गेम चालत नाही. आत तेच जुने एनईएस (फॅमिकॉमचंच परदेशातलं नाव), गेमबॉयवाले गेम आणि जोडीला गाणी ऐकायची सोय, एफएम, कॅमेरा असलं काहीतरी. लिस्टिंगमध्ये खाली कुठेतरी बारीक अक्षरात सपोर्टेड फॉरमॅट (कोणत्या मशीनचे गेम चालतात ते) दिलेले असतात, फोटो बघायच्या आधी ते वाचा, आणि दिलेलेच नसतील तर सोडून द्या.

स्क्रीनबद्दल जरा सविस्तर बोलू कारण याच्याकडे कोणी बघतच नाही. आपल्याकडे डोक्यात बसलंय की स्क्रीन जेवढी मोठी आणि रुंद तेवढी भारी. मोबाईलसाठी ठीक आहे, इथे उलटं होऊ शकतं. एनईएस, सेगा, प्लेस्टेशन वन हे सगळे चौकोनी टीव्हीच्या जमान्यातले, म्हणजे ४:३ आकाराचे. आर३६एस, मियू मिनी प्लस, आरजी३५एक्सएक्स यांची ६४०×४८० ची साडेतीन इंची स्क्रीन बरोब्बर त्याच आकाराची आहे म्हणून ते गेम्स त्यांच्यावर पूर्ण स्क्रीन भरून छान दिसतात. तेच गेम ट्रिमयूआय स्मार्ट प्रोसारख्या जवळपास पाच इंची रुंद स्क्रीनवर टाकले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात, मग पट्टे डोळ्यात खुपतात म्हणून लोक सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणतात आणि मारिओ लठ्ठ होतो.

गेमबॉय ॲडव्हान्सची मूळ स्क्रीन होती २४०×१६०. ती ६४० रुंदीत पूर्ण आकड्यानं बसत नाही, दुप्पट केली तर ४८० होते आणि चारी बाजूंना काळी चौकट उरते, ताणून बसवली तर काही पिक्सेल जाड काही बारीक असं होऊन अक्षरं फाटल्यासारखी दिसतात. तुमचे दहापैकी आठ गेम जर ॲडव्हान्सचे असतील तर अँबर्निकचा आरजी३४एक्सएक्स बघा, त्याची स्क्रीन ७२०×४८० आहे, म्हणजे मूळच्या बरोबर तिप्पट. आणि पैशाची चिंताच नसेल, साध्या गेमबॉयवर जीव असेल तर ॲनालॉग पॉकेट म्हणून एक महागडं प्रकरण आहे, १९८९ च्या गेमबॉयची स्क्रीन १६०×१४४ होती आणि याची १६००×१४४० आहे, अचूक दहापट. बघायला फार सुंदर. पण त्यासाठी परदेशातून मागवा, कस्टम ड्युटी भरा, वॉरंटीला विसरा, हे सगळं आलं. आणि पीएसपीचं परत सांगतो, त्याची स्क्रीन ४८०×२७२ म्हणजे आडवी, साडेतीन इंची चौकोनी स्क्रीनवर वरखाली पट्टे येऊन चित्र इतकं लहान होतं की डायलॉग वाचायला चष्मा लागेल.

आता आर३६एसच्या नकलांबद्दल. हो, याचीसुद्धा नक्कल निघते. तोच साचा, तीच बटणं, तोच बॉक्स, आत मात्र वेगळा बोर्ड आणि वेगळी चिप. बाहेरून बघून सांगणं अवघड आहे. घेताना विक्रेत्याला थेट विचारा की बाबा यावर आर्कओएस (आर३६एसवर चालणारी लिनक्सवाली सिस्टीम) चालते का, आणि मशीन सुरू होतानाचा व्हिडिओ मागा. उत्तर गोल गोल आलं, किंवा बाकी सगळीकडच्या भावापेक्षा हजार रुपये कमी सांगितलं, तर समजून जा. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेणार असाल तर चालू करून, दोन-तीन गेम लावून बघा, दुकानदार वैतागला तरी चालेल. ऑनलाइन असेल तर पार्सल फोडताना व्हिडिओ काढा आणि ऑर्डर देण्याआधी बघा की रिटर्न आहे का नुसतंच रिप्लेसमेंट, कारण नक्कल आली आणि रिप्लेसमेंटमध्ये परत नक्कलच आली तर काय करणार.

हातात आल्यावर पहिल्या तासात काय करायचं? गेम नाही खेळायचा. कार्ड काढायचं. मशीनबरोबर जे मेमरी कार्ड येतं ते बहुतेक वेळा बिननावाचं, सगळ्यात स्वस्तातलं असतं आणि ते आज ना उद्या मरतंच, मग स्क्रीनवर नुसता लोगो अडकून बसतो किंवा काळोख. तेव्हा आहे तोवर कॉम्प्युटरवर विन३२ डिस्क इमेजर नावाच्या सॉफ्टवेअरनं त्याची अख्खी इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा आणि चांगल्या कंपनीच्या नव्या कार्डावर उतरवा. नवीन कार्डही डोळे झाकून वापरू नका, नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, १२८ जीबी लिहिलेल्यात प्रत्यक्षात बारा जीबीसुद्धा नसतात, एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यानं तपासा, वेळ लागतो पण लागू दे.

आणि हे ठळक करून लक्षात ठेवा. आर्कओएसचं कार्ड विंडोजमध्ये लावलं की लगेच खिडकी उघडते, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा म्हणून. करू नका! त्या कार्डावर लिनक्सचे भाग असतात जे विंडोजला वाचता येत नाहीत म्हणून तो तसं विचारतो, तुम्ही सवयीनं ओके दाबलंत की सिस्टीम गेली. कॅन्सल, कॅन्सल करत जा, त्यातला ईझीरॉम्स नावाचा भाग तेवढा आपला, गेम त्याच्यातल्या फोल्डरांमध्ये टाकायचे.

नवीन कार्डावर नव्यानं आर्कओएस टाकली आणि स्क्रीन काळी, पण आवाज येतोय? मशीन मेलेलं नाही. आर३६एसमध्ये वेगवेगळ्या लॉटमध्ये वेगवेगळ्या कंपनीच्या स्क्रीन बसवल्यात आणि कोणती स्क्रीन आहे हे सिस्टीमला सांगणारी एक डीटीबी फाईल असते, ती तुमच्या स्क्रीनची नसली की असं होतं. जुन्या कार्डाच्या बूट भागातून ती फाईल उचलून नव्यात टाका, बहुतेक वेळा तेवढ्यानं स्क्रीन उजळते. म्हणून म्हटलं आधी इमेज काढा, जुनं कार्ड फॉरमॅट करून त्यात गाणी भरलीत तर मग शोधत बसा.

चार्जिंग होत नाही ही दुसरी हमखास तक्रार. मोबाईलचा नवा चार्जर, दोन्ही टोकांना टाईप सी असलेली केबल, लावली तर लाईटच लागत नाही. स्वस्त हँडहेल्डमध्ये टाईप सीच्या खाचेत जे दोन छोटे रेझिस्टर लागतात ते पैसे वाचवायला टाकलेलेच नसतात, त्यामुळे चार्जरला कळतच नाही की पलीकडे कोणी आहे. एका टोकाला जुना चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि साधा पाच व्होल्टचा जुना चार्जर वापरा, निमूट चार्ज होतं. सपमध्ये तर अजून सोपं, त्यात बीएल-५सी बॅटरी असते, नोकियाच्या जुन्या फोनचीच, कोपऱ्यावरच्या मोबाईल दुकानात मिळते. फुगलेली दिसली तर मात्र लगेच काढून टाका, दाबून झाकण बसवायच्या भानगडीत पडू नका. २००७ मध्ये नोकियानं याच मॉडेलच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या बदलून द्यायची घोषणा केली होती तेव्हा आपल्याकडे केवढी घबराट झाली होती आठवतंय का, आणि त्या तर मूळ कंपनीच्या होत्या, या डब्यातल्या कोणी बनवल्यात देव जाणे.

सप टीव्हीला जोडायचा प्रयत्न करताना एक गंमत नेहमी होते. बरोबर येते ती पिवळ्या पिनवाली केबल, नवीन टीव्हीला बऱ्याचदा पिवळं भोकच नसतं, म्हणून लोक कन्व्हर्टर मागवतात आणि तो उलटा मागवतात. तुम्हाला एव्ही टू एचडीएमआय हवाय. एचडीएमआय टू एव्ही वेगळा, तो नव्या मशीनला जुन्या टीव्हीवर लावायला. दोन्ही दिसायला सारखेच डबडे.

मुस्तफा सुरू होत नाही? तुम्ही फाईलचं नाव बदललंय. पार्लरवाल्या आर्केड गेमांच्या झिप फाईलचं नाव ठरलेलं असतं, मुस्तफाची फाईल डिनो डॉट झिप, कारण गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. तिचं नाव मुस्तफा केलंत किंवा झिप उघडून आतलं बाहेर काढलंत की संपलं. प्लेस्टेशनच्या गेमांना बिन आणि क्यू अशा दोन फाईल असतात, दोन्ही एकाच फोल्डरात लागतात, नुसती मोठीवाली कॉपी करून चालत नाही. आणि हे गेम आणायचे कुठून हे मला विचारू नका, कार्डात भरून येणारे हजारो गेम कोणाच्या परवानगीनं भरलेले नसतात, विक्रेता कितीही ओरिजिनल म्हणो.

सेव्हचा घोळ बराच मोठा आहे पण थोडक्यात सांगतो. गेमच्या आतल्या मेन्यूतून केलेला सेव्ह वेगळा आणि मशीनचा सेव्ह स्टेट वेगळा. सेव्ह स्टेट म्हणजे त्या क्षणाचा फोटो, एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून गेम चालवणारं सॉफ्टवेअर) बदललात किंवा अपडेट झाला की तो उघडेलच असं नाही. पोकेमॉनसारख्या चाळीस तासांच्या गेमला दोन्ही करत जा. आणि मशीन बंद करताना बटण दाबून धरून गळा आवळू नका, मेन्यूतून शटडाऊन करा, कार्डावर काही लिहिलं जात असताना वीज गेली की सगळ्यात आधी सेव्हच जातात.

बटणं तपासायची असतील तर कॉन्ट्रा लावा. नुसतं उजवं दाबून धरून चाला, मधेच बंदूक आपोआप तिरकी वर किंवा खाली व्हायला लागली तर डी-पॅड (दिशांचं बटण) ढिला आहे, लगेच परत पाठवा. जुन्या मशीनमध्ये हेच व्हायला लागलं असेल तर उघडून रबराच्या खालचे काळे ठिपके आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, बहुतेक वेळा मळच असतो. पण हे रिटर्नची मुदत संपल्यावर, आधी उघडलंत तर स्क्रूवरचं स्टिकर फाटतं आणि विक्रेता हात वर करतो.