हुक वापरून कोड रिफॅक्टर करताय? या चुका टाळा

सहाशे ओळींचं एक फंक्शन आहे. ऑर्डर पूर्ण झाली की ते साठा कमी करतं, बिल बनवतं, ईमेल पाठवतं, पॉइंट जमा करतं, रिपोर्टसाठी नोंद टाकतं. नवी मागणी आली की कोणीतरी त्यात आणखी एक ‘इफ’ घुसवतं. शेवटी टीममध्ये ठरतं की रिफॅक्टर करायचं, म्हणजे वागणूक तीच ठेवून रचना बदलायची: हे सगळं हुकवर टाकायचं आणि प्रत्येक काम वेगळ्या प्लगइनमध्ये, म्हणजे बाहेरून जोडायच्या तुकड्यात, न्यायचं. हुक म्हणजे मुख्य कोडमध्ये नाव देऊन ठेवलेली जागा; काम तिथे पोचलं, म्हणजे हुक ‘वाजला’, की त्याला जोडलेली फंक्शन चालतात. काम संपतं तेव्हा फंक्शन चाळीस ओळींचं झालेलं असतं, पण कोड समजून घेणं आधीपेक्षा अवघड होऊन बसतं. गुंतागुंत कमी झालेली नसते, फक्त नजरेआड गेलेली असते. हे का होतं आणि बिघडलं तर कुठे शोधायचं, ते पाहू.

जे झालंच पाहिजे तेही हुकवर टाकणं

सगळ्यात महागडी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा जास्त थांबतो. हुक लावायचा की नाही हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो: या हुकला काहीच जोडलेलं नसेल, तरी मुख्य काम बरोबर पूर्ण होईल का? ईमेल गेला नाही तरी ऑर्डर ही ऑर्डरच असते. पॉइंट उशिरा जमा झाले तरी चालतं. पण साठा कमी झालाच नाही, तर संपलेली वस्तू पुन्हा विकली जाते. म्हणून साठा हुकवर जाऊ नये. ते काम वेगळ्या फंक्शनमध्ये काढावं, त्याला नीट नाव द्यावं आणि मुख्य प्रवाहातून सरळ कॉल करावं. रिफॅक्टरिंगचा निम्मा फायदा तेवढ्यानेच मिळतो, आणि त्यासाठी हुकची गरजच नसते.

अनेकदा याच्या उलट होतं. एकाच हुकला जोडलेल्या फंक्शनचा क्रम प्रायॉरिटी नावाच्या आकड्याने ठरतो. साठा प्रायॉरिटी १० वर, बिल २० वर, ईमेल ३० वर असे टप्पे मांडले जातात. बिलाला साठ्याचा निकाल लागतो आणि ईमेलला बिलाचा क्रमांक लागतो. म्हणजे तीन प्लगइन एकमेकांवर अवलंबून आहेत, पण कोडमध्ये कुठेही तसं लिहिलेलं नाही. ते फक्त आकड्यांत दडलेलं आहे. उद्या कोणी १५ वर काही जोडलं की साखळी तुटू शकते, आणि चूक दिसते ती भलत्याच फाइलमध्ये. ज्या दोन कामांचा क्रम बदलून चालत नाही, ती एकाच फंक्शनमध्ये एकाखाली एक लिहावीत.

प्रायॉरिटीचा अर्थही सगळीकडे सारखा नाही. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये लहान आकडा आधी चालतो आणि काही न दिल्यास १० धरला जातो. सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या इव्हेंट डिस्पॅचरमध्ये (तिथली हुकसारखी सोय) मोठा आकडा आधी चालतो आणि न दिल्यास ० असतो. एका फ्रेमवर्कमधून दुसरीकडे कोड नेताना आकडे तसेच उचलले, तर सगळा क्रम उलटा होतो आणि एररही येत नाही.

आधीचं वागणं टिपून न ठेवता सुरुवात करणं

जुन्या फंक्शनवर टेस्ट नसतातच, हे गृहीत धरा. हात लावण्याआधी खऱ्या वाटाव्यात अशा काही ऑर्डर त्यातून चालवा आणि डेटाबेसमधल्या नोंदी, गेलेले ईमेल, आलेला रिस्पॉन्स जसाच्या तसा साठवा. त्यात जुना बग दिसला तरी तो आत्ता दुरुस्त करू नका. वागणूक बदलणं आणि रचना बदलणं ही दोन कामं एकाच कमिटमध्ये (कोडमधल्या बदलांच्या एका नोंदीत) मिसळली, की नंतर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

पायऱ्याही लहान ठेवा. पहिल्या कमिटमध्ये तुकडा त्याच फाइलमध्ये वेगळ्या फंक्शनमध्ये काढा. दुसऱ्यात तो हुकला जोडा. तिसऱ्यात प्लगइनमध्ये हलवा. दर वेळी साठवलेल्या नोंदींशी ताडून पाहा.

फिल्टर आणि ॲक्शन यांची सरमिसळ

ॲक्शन म्हणजे काहीतरी घडलं याची वर्दी. फिल्टर म्हणजे एखादी किंमत (व्हॅल्यू, मग तो आकडा असो वा मजकूर) हातात घेऊन, बदलून परत देणं. हा फरक पाळला नाही की लक्षणं फार ठरावीक असतात.

पानावरचा मजकूर अचानक गायब झाला, तर बहुतेक वेळा एखादा फिल्टर ‘रिटर्न’ करायला विसरलेला असतो. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीमध्ये अशा फंक्शनमधून नल (रिकामी किंमत) परत येतं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच मिळतं. बहुतेकदा एखाद्या ‘इफ’च्या आत रिटर्न असतं आणि बाहेर नसतं, म्हणून काहीच पानं रिकामी दिसतात आणि शोध लांबतो. जावास्क्रिप्ट फाइली एकत्र बांधणारा वेबपॅक ज्यावर उभा आहे त्या टॅपेबल लायब्ररीत वेगळंच घडतं. तिथल्या वॉटरफॉल हुकमध्ये (एकाचा निकाल पुढच्याला देणाऱ्या) काही परत दिलं नाही तर आधीची किंमत तशीच पुढे जाते. पान रिकामं होत नाही, तुमचा बदल मात्र गुपचूप हरवतो. त्याच लायब्ररीतल्या बेल हुकमध्ये तर कोणी काहीही परत दिलं, की पुढचे सगळे थांबतात. म्हणून हुक कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहायचं आणि मगच त्याला काही जोडायचं.

दुसरं लक्षण म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन-तीन नोंदी पडणं. फिल्टरमध्ये कोणीतरी डेटाबेसमध्ये लिहितंय किंवा ईमेल पाठवतंय का, ते बघा. वर्डप्रेसचा मजकुराचा फिल्टर एका विनंतीत अनेकदा चालू शकतो. पान दाखवताना चालतो, दुसऱ्या एखाद्या प्लगइनने सारांश बनवताना वापरला तर पुन्हा चालतो. फिल्टरने आत आलेली किंमत पाहावी, नवी द्यावी आणि बाहेर कुठेही हात घालू नये.

हुक चालतच नाही

इथे कारणं मोजकीच असतात. सगळ्यात नेहमीचं म्हणजे जोडायला उशीर झाला. हुक वाजून गेल्यावर जोडलेलं फंक्शन त्या विनंतीत कधीच चालत नाही. तो आधीच वाजून गेला आहे का, हे वर्डप्रेसमध्ये ‘डिड ॲक्शन’ या फंक्शनने तपासता येतं.

जँगो या पायथन फ्रेमवर्कमध्ये वेगळाच फटका बसतो. तिथले सिग्नल (जँगोचे हुक) जोडलेल्या फंक्शनचा, म्हणजे रिसीव्हरचा, कच्चा संदर्भ (वीक रेफरन्स) धरतात, आणि तो फंक्शनला मेमरीत टिकवून ठेवत नाही. त्यामुळे एखाद्या फंक्शनच्या आत तयार केलेला रिसीव्हर मेमरीतून उडून जाऊ शकतो आणि सिग्नल आला तरी कोणीच ऐकत नाही. रिसीव्हर मॉड्यूलच्या (कोडच्या फाइलच्या) पातळीवर लिहा. आणि तो एकदाऐवजी दोनदा चालत असेल, तर मॉड्यूल दोनदा इम्पोर्ट होतंय का ते पाहा. जोडताना ‘डिस्पॅच यूआयडी’ दिलं की दुसरी नोंदणी होत नाही.

वर्डप्रेसमध्ये कॉलबॅकला, म्हणजे हुकला जोडलेल्या फंक्शनला, दोन आर्ग्युमेंट हवे असतील तर जोडताना ते सांगावं लागतं, नाहीतर एकच मिळतो. पीएचपी ७.१ पासून अपुऱ्या आर्ग्युमेंटवर थेट फेटल एरर येतो, त्यामुळे ही चूक निदान लपून राहत नाही. काढून टाकलेलं फंक्शन तरीही चालतंय, ही तक्रार मात्र खूप वेळ खाते. काढताना तीच प्रायॉरिटी आणि तेच कॉलबॅक द्यावं लागतं. क्लासची मेथड असेल तर तेच ऑब्जेक्ट लागतं, आणि नाव नसलेलं फंक्शन जोडलं असेल तर दुसऱ्या प्लगइनला ते सहजासहजी काढताच येत नाही. इतरांनी वापरायच्या प्लगइनमध्ये कॉलबॅकला नाव द्याच.

स्वतःलाच पुन्हा बोलावणारा हुक

पोस्ट जतन होताना चालणाऱ्या हुकमध्येच पोस्ट अपडेट केली, की तोच हुक पुन्हा वाजतो आणि मेमरी किंवा वेळ संपेपर्यंत चक्र थांबत नाही. कॉलबॅक तात्पुरता काढून अपडेट करायचा आणि परत जोडायचा हा नेहमीचा उपाय चालतो, पण मला तो दुय्यम वाटतो. डेटा लिहिण्याआधीच बदलता येणारा फिल्टर उपलब्ध असेल तर तो वापरावा; मग दुसरं अपडेट लागतच नाही. शिवाय हा हुक रिव्हिजन (पोस्टची साठवलेली आवृत्ती) आणि ऑटोसेव्हसाठीही चालतो. ‘एकदाच जतन केलं, ईमेल दोन कसे गेले?’ याचं उत्तर अनेकदा इथे सापडतं.

एकाच्या चुकीने सगळे पडणं

मोठं फंक्शन प्लगइनमध्ये वाटलं म्हणजे चुकाही वेगळ्या झाल्या, असं नाही. वर्डप्रेसमध्ये एका कॉलबॅकने एक्सेप्शन (चुकीचा इशारा) फेकलं आणि ते कोणी पकडलं नाही, तर पुढचे कॉलबॅक चालत नाहीत आणि मुख्य कामही तिथेच अडतं. जँगोमध्ये सिग्नल पाठवणारं ‘सेंड’ तसंच वागतं. ‘सेंड रोबस्ट’ मात्र चूक पकडून ठेवतं आणि बाकीच्यांना चालू देतं. ईमेल, रिपोर्ट, बाहेरच्या सेवेला कळवणं अशा कामांना आपापला ट्राय-कॅच (चूक तिथेच पकडणारा कोड) आणि लॉगमध्ये स्पष्ट नोंद हवीच.

हुक डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनच्या (सगळे एकदमच पक्के किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या) आत वाजतो की बाहेर, हेही पाहा. आत ईमेल गेला आणि मग डेटाबेसने सगळं मागे घेतलं, तर ग्राहकाकडे अस्तित्वातच नसलेल्या ऑर्डरची पावती पोचते. जँगोमध्ये यासाठी ‘ऑन कमिट’ आहे; ते डेटाबेसमधले बदल पक्के झाल्यावरच काम चालवतं. तशी सोय नसेल तर हुक वाजवण्याची जागाच डेटाबेसच्या कमिटनंतर न्या.

हुकमधून अख्खं ऑब्जेक्ट देऊन टाकणं

घाईत मुख्य क्लासचं पूर्ण ऑब्जेक्ट हुकला दिलं जातं, म्हणजे प्लगइनला हवं ते घेता येईल. मग प्लगइन त्याच्या आतल्या प्रॉपर्टी वापरू लागतात आणि आतली रचना कायमची गोठते. जेवढं लागतं तेवढंच द्या, शक्यतो ऑर्डरचा आयडी किंवा न बदलता येणारं छोटं डेटा ऑब्जेक्ट. पुढे एखादा आर्ग्युमेंट वाढवायचा झाला तर शेवटी जोडा, मधे घुसवू नका.

नावांचंही तसंच. प्रत्येक हुकच्या नावाआधी प्रकल्पाचा प्रीफिक्स लावा आणि सगळं नाव शोधल्यावर सापडेल असं सलग लिहा. चलातून (व्हेरिएबलमधून) तुकडे जोडून बनवलेलं नाव एडिटरच्या शोधात येत नाही, आणि मग कोण कुठे जोडलंय हे कळायला कोड चालवूनच पाहावा लागतो. तशी वेळ आलीच तर वर्डप्रेसचं क्वेरी मॉनिटर हे प्लगइन त्या पानावर वाजलेले हुक आणि त्यांना जोडलेली फंक्शन दाखवतं.

जुना हुक काढायचा असेल तर तो एकदम पुसू नका. वर्डप्रेस ४.६ पासून कालबाह्य हुकसाठी वेगळी फंक्शन आहेत. ती जुना हुक चालू ठेवतात आणि त्याला खरोखर कोणी जोडलेलं असेल तरच डीबग मोडमध्ये सूचना देतात, नवं नावही सांगतात. पुढच्या काही आवृत्त्या लॉगमध्ये ती सूचना दिसते का पाहत राहा, आणि दिसायची बंद झाली की मग तो हुक काढून टाका.