तर्री राहू द्या, पोहे मोजा: शुगर असताना कार्ब कमी करण्याची रीत

शुगर निघाली की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला असतो: गोड बंद आणि भाताऐवजी पोळी. गोड बंद करणं बरोबरच आहे. पण भात जाऊन दोन पोळ्या वाढल्या, तर हिशेब जागचा हलत नाही. ५० ग्रॅम तांदळाच्या भातात साधारण ३९ ग्रॅम कार्ब (कार्बोहायड्रेट, ज्यांची पोटात साखर होते) असतात, ३० ग्रॅम कणकेची एक अशा दोन पोळ्यांत ३८. ज्वारीची भाकर ६० ग्रॅम पिठाची असेल तर एकटीत ४०. ज्वारीत फायबर जास्त आहे, पण म्हणून दोन भाकरी खायची मुभा मिळत नाही. मल्टिग्रेन पीठ आणि गूळ यांचंही तसंच. आधी मोजायचं, मग बदलायचं. त्यासाठी ३००-४०० रुपयांचा किचनचा वजनकाटा पुरतो.

पण ताटाला हात लावण्याआधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. हे टाळू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशी गोळी चालू असेल आणि कार्ब एकदम निम्मे केले, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. हे डोस बहुधा आधीच कमी करावे लागतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्यांचा धोका वेगळा आहे: कार्ब फार कमी आणि अंगात पाणीही कमी झालं, तर मीटरवर शुगर ठीक दिसत असतानाच रक्तात कीटोन (चरबी जळताना निघणारे पदार्थ) वाढून आम्ल साचू शकतं. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर मीटरवर विसंबू नका, सरळ दवाखाना गाठा. बीपीच्या गोळ्यांचंही विचारा, कारण कार्ब उतरले की शरीर मीठ-पाणी सोडतं, बीपी खाली येतं आणि उठताना चक्कर येते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर फार खाली जाण्याची भीती जवळपास नाही. गरोदर बाई, टाइप १ चे रुग्ण आणि किडनीचा त्रास असलेले यांनी मात्र हा बदल स्वतःच्या मनाने करूच नये.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असाल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, कारण ती फोडण्याचं काम याच गोळ्या अडवतात. अशांनी घरात आणि खिशात ग्लुकोज पावडरच ठेवावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका.

आता नाश्ता. बदल इथून सुरू करा, कारण बऱ्याच जणांच्या शरीरात सकाळी इन्सुलिन सर्वांत कमी जुमानलं जातं आणि आपण नेमके तेव्हाच पोहे खातो. ठेल्यावरच्या चना पोह्याचा हिशेब मांडून पाहा. ७५ ग्रॅम कोरडे पोहे म्हणजे ५७ ग्रॅम कार्ब. तर्रीतले (पोह्यावरच्या झणझणीत रश्शातले) चणे कोरडे ३० ग्रॅम धरले तर आणखी १२. वर दोन चमचे साखरेचा चहा, त्याचे १०. चिवडा-शेव न धरताही हे ८० च्या आसपास जातं. कार्ब कमी म्हणजे दिवसभरात १३० ग्रॅमच्या आत, असं साधारण मानतात. त्यातले ८० सकाळी नऊ वाजेपर्यंतच संपले.

घरी असं करा. पोहे २० ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मूठ. ते भिजवून बाजूला ठेवा. एक चमचा तेलात मोहरी, मिरची, कढीपत्ता, एक लहान कांदा आणि २० ग्रॅम फल्लीदाणे (शेंगदाणे) परता. त्यात १०० ग्रॅम बारीक चिरलेली पत्ताकोबी घाला आणि मोठ्या आचेवर तीन मिनिटं हलवा, झाकू नका. झाकली की कोबी पाणी सोडते आणि पोह्यांचा लगदा होतो. मग पोहे, मीठ, हळद, लिंबू, भरपूर सांभार (कोथिंबीर). तर्री नेहमीची, चणे तेवढेच, फक्त वरचा तेलाचा तवंग डावाने काढून टाका आणि तर्रीत दोन उकडलेली अंडी घाला. अंडी चालत नसतील तर ७०-८० ग्रॅम पनीर. कार्ब ३५ च्या आसपास येतात आणि प्रोटीन २० च्या वर जातं. पोट दुपारपर्यंत धरतं ते या प्रोटीनमुळे, म्हणून पोहे कमी करून अंडी विसरलात तर अकरा वाजता बिस्किटांचा पुडा उघडला जाईल.

दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला वैदर्भीय स्वयंपाक फार सोयीचा आहे, आपण त्याच्या जोडीला काय वाढतो तिथे बिघडतं. पाटोडी रस्सा घ्या. ५० ग्रॅम बेसनाच्या पाटोड्यांत कार्ब २३-२४ आणि प्रोटीन ११ ग्रॅम. एवढ्यावर वाटीभर आंबाडी किंवा चिवळची भाजी, काकडी आणि ताक घेतलं तर जेवण पुरं होतं. त्यासोबत तीन पोळ्या घेतल्या की कार्बवर कार्ब चढतात. गोळाभात, वडाभातातही हेच: गोळे दोन-तीन, भात डावभर. वरणाला लोक नुसतं प्रोटीन समजतात, पण ३० ग्रॅम तूरडाळीत कार्बही १६-१७ ग्रॅम आहेत, तेव्हा वरण घट्ट असू द्या आणि भात मोजून. सावजी मटणात कार्ब नगण्य असतात. त्याच्यासोबत अर्धी भाकर आणि कांदा-काकडी घ्या, पण तेलाचा विचार सोडू नका. कार्ब कमी करणाऱ्यांनी तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) करायलाच हवी, काहींचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढतो. जेवताना आधी भाजी आणि प्रोटीन, शेवटी भाकर किंवा भात. याच क्रमाने खाल्लं तर तेवढ्याच ताटाने शुगर कमी उसळते.

किती कमी करायचं, हे तुमचा मीटर सांगेल. पहिले तीन दिवस काहीही न बदलता लिहून काढा: उपाशीपोटी, जेवणाआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी. मग एक आठवडा फक्त नाश्ता बदला, पुढच्या आठवड्यात रात्रीचं जेवण. दोन तासांचा आकडा जेवणाआधीच्यापेक्षा ५० हून जास्त वाढत असेल, तर त्या जेवणातला भात, पोळी किंवा पोहे आणखी निम्मे करा. १०-१५ च्या फरकावरून मात्र निष्कर्ष काढू नका, मीटरची चूकच १५ टक्क्यांपर्यंत धरलेली असते. आणि हात धुऊनच बोट टोचा. संत्रं सोलून तसंच टोचलं तर बोटावरच्या रसामुळे आकडा खोटा वाढतो. सॅनिटायझरने तो रस नीट निघत नाही, साबण-पाणीच लागतं. संत्रं खायला हरकत नाही: एक, फाकी चावून, जेवणानंतर. ज्यूस नको. ग्लासभर रसाला तीन-चार संत्री लागतात.

काही दिवसांतच जेवणानंतरचे आकडे उतरतात आणि लोक समजतात, इन्सुलिन रेझिस्टन्स (पेशींनी इन्सुलिनला न जुमानणं) गेला. तो गेलेला नसतो. तुम्ही इन्सुलिनवरचं ओझं उतरवलं आहे, पेशींचा हट्ट तसाच आहे. म्हणून लग्नात एकदा जिलेबी खाल्ली की शुगर पूर्वीसारखीच चढते. सकाळची उपाशीपोटी शुगरही म्हणूनच सर्वांत शेवटी उतरते, कारण रात्रभर यकृत साखर सोडत राहतं आणि चरबी साचलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकत नाही. तिथली चरबी वजनासोबत उतरते. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या अभ्यासात (२०१७) पहिल्या वर्षात १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ८६ टक्के जणांचा टाइप २ मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला होता. तिथे कमी उष्मांकाचा आहार होता, लो-कार्ब म्हणून आखलेला नव्हता. तेव्हा कार्ब काढून त्या जागी मूठ-मूठ काजू आणि चमचे-चमचे तूप भरलं, तर मीटर खूश होईल पण कंबर हलणार नाही. दर पंधरा दिवसांनी टेपने कंबर मोजा. पुरुषांना ९०, बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत यायचं आहे.

दुसरा उपाय स्नायू. चालणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढतो, म्हणून रोज पहाटे फुटाळा तलावावर फिरायला जाणाऱ्यांनीही जेवणानंतरची १५ मिनिटं सोडू नयेत. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून हात न टेकता १०-१२ उठबशा, असे तीन फेरे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करा.

उपवास हा सापळा आहे. १०० ग्रॅम साबुदाण्यात जवळपास ८८ ग्रॅम कार्ब, आणि उसळीत वरून आलू. दही, फल्लीदाणे, पनीर, काकडी यांवर चतुर्थी निभते. शुगर खाली नेणारी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर निरंकार उपवास डॉक्टरांना विचारूनच.

एप्रिल-मेच्या ४५ अंशांत पाणी आणि मीठ जास्त लागतं. बीपी किंवा हृदयाचं पथ्य नसेल तर मीठ घातलेलं पातळ ताक दोनदा घ्या. पन्हं गुळाशिवाय, जिरं-मीठ घालून. उलट्या-जुलाब लागले किंवा जेवण सुटलं, तर डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी त्या दिवशी थांबवायची का, हे लगेच फोन करून विचारा. टेस्ट स्ट्रिप उन्हातल्या गाडीत ठेवल्या की आकडे चुकतात.

तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करा. पण आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, आणि सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरत असल्याने ही तपासणी खरी शुगर लपवून आकडा कमी दाखवते. नुसता वाहक असला तरी तपासणीच्या काही पद्धती चुकतात. घरात कोणाला सिकलसेल असेल, किंवा मीटरचे आकडे आणि एचबीए१सी जुळत नसतील, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि फ्रुक्टोसामाइन (गेल्या दोन-तीन आठवड्यांची शुगर सांगणाऱ्या) तपासणीबद्दल विचारा. लोहाची कमतरता असेल तर उलट आकडा वाढीव येऊ शकतो, म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी त्याच वेळी करून घ्या.