जंतांचं औषध पाजूनही मेंढीची पापणी पांढरी का पडते? या चुका टाळा

दिवाळी झाली की घाटावरचे धनगर माळशेज उतरून मुरबाड-शहापुरात येतात, भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवतात आणि पाऊस लागायच्या आत वर चढतात. इथला पावसाळा मेंढीला मानवत नाही, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आपण मात्र ठाणे जिल्ह्यात बारमाही मेंढ्या ठेवतो आणि ऑगस्टात औषधाच्या दुकानाकडे धावतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे तारीख बघून अख्ख्या कळपाला एकाच दिवशी डोस पाजणं. मीही काही वर्षं तेच केलं. आपल्याकडचा खरा वैरी हिमोंकस. हा जंत पोटात रक्त पितो, एकेक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली. हजार जंत असले की रोजचं 50 मिली रक्त गेलं. एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. ओलाव्यात आणि उबेत आठवडाभरात त्यांच्या अळ्या गवतावर चढतात आणि मेंढीच्या पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू. मग तीन महिन्यांनी पाजायचं ठरवून काय उपयोग? वर सगळ्यांना पाजलं की औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात, आणि पुढची पैदास त्यांचीच.

कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांत असतात. त्या हुडकायच्या. खालची पापणी हलकेच खाली ओढून आतला रंग बघा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला: 1 म्हणजे लालभडक, 5 म्हणजे कागदासारखा पांढरा. 4 आणि 5 ला लगेच डोस, 1 आणि 2 ला नाही. 3 असेल आणि मेंढी गाभण, खंगलेली किंवा कोकरू असेल, तर द्या. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघा, तेही उन्हाच्या उजेडात. मोबाईलच्या टॉर्चमध्ये सगळ्याच पापण्या फिक्या दिसतात! हनुवटीखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली, तर तुम्हाला उशीर झालाय.

मात्र पापणी सगळं सांगत नाही. खाचरातल्या गोगलगायींमुळे होणाऱ्या लिव्हर फ्लूकनेही, म्हणजे यकृतातल्या चपट्या जंतानेही, ती पांढरी पडते, आणि आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध त्यावर चालतच नाही. पापणी लाल असून हगवण लागली असेल, तर जंत दुसरेच असू शकतात. इथे लेंडी तपासून घ्यायलाच हवी.

डोस लागू पडला का, हे तर कोणी बघतच नाही. पाजण्याआधी आणि पाजल्यावर 10 ते 14 दिवसांनी त्याच दहाएक मेंढ्यांची ताजी लेंडी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली, तर ते औषध तुमच्या कळपात बोथट झालंय. अशा वेळी लोक बाटली बदलतात, औषध नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातले चुलतभाऊच आहेत, गट बदलायला डॉक्टरांना विचारा. आणि गाभण राहून महिना झाला नसेल, तर अल्बेंडाझोल नकोच.

वजनाचा अंदाजही दगा देतो. 25 किलोची वाटलेली मेंढी काट्यावर 35 भरते आणि डोस अपुरा पडतो. पाजताना मान वर ताणू नका, औषध फुफ्फुसात जातं. नळी गालाच्या कोपऱ्यातून जिभेच्या मागच्या भागावर न्या. शेळीला मेंढीचा डोस सहसा पुरत नाही, तोही विचारूनच ठरवा.

बाजारातून आणलेलं जनावर थेट कळपात सोडू नका. वेगळं बांधा, डोस द्या, लेंडी तपासा, मगच मिसळा. सकाळी दव वाळल्यावरच चरायला सोडा, आणि गवत बोटभर उरलं की कळप तिथून हलवा. अळ्या बुडाशीच जास्त असतात.